कुलूप, कानस आणि पॉलिश पेपर

किन्हीराजासारख्या गावात कुणाचा नाद लपून राहत नाही. त्यातून नाद किल्लीशिवाय कुलूप उघडायचा असेल तर बघायलाच नको! आमच्या काकूंचा पहिला प्रश्न, "काऊन रे बाप्पा, शिकूनसवरून आता कुलपं फोडतं का?" फोडत नाही हो काकू, उघडतो. तीही स्वतः विकत आणलेली, टेबलावर ठेवून. कुणाच्या दाराला लावलेल्या कुलपाला हात लावायचा नाही, हा या छंदातला पहिला नियम.

पण आज सांगायचंय ते हत्यारांबद्दल.

साध्या पिनांच्या कुलपात पाच-सहा पिना असतात. किल्लीच्या खाचा त्या सगळ्यांना नेमक्या उंचीवर आणतात. किल्ली नसेल तर एका वाकड्या पट्टीने कुलपाला किंचित पीळ द्यायचा आणि आकड्यासारख्या बारीक सळईने एकेक पिन उचलायची. पिन बसली की 'टिक्'. ते दिसत नाही, बोटाला कळतं. आता सळईच खरखरीत असेल तर ती पिनेवर घासते, अडखळते आणि न बसलेली पिनही बसल्यासारखी वाटते. थोडक्यात, खरखरीत हत्यार खोटं बोलतं!

माझी हत्यारं हॅकसॉच्या जुन्या पात्यांची. पातं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जाड, शिवाय कडक. ग्राइंडरवर आकार देताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. पोलाद तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला. मग ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. त्यापुढे ग्राइंडर बंद. बारीक कानशीने कडा गोल करायच्या, मग पाण्याचा पॉलिश पेपर: २२०, ४००, ८००, १२००, शेवटी २०००. हात नेहमी लांबीच्या दिशेने चालवायचा, आडवा नाही, कारण आडवे ओरखडेच पिनांना अडकतात. नखाच्या कडेवरून फिरवून बघायचं. नखाला काही जाणवलं, की परत ८००चा पेपर हातात! पकडायला मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

आमच्याकडे पावसाळ्यात गंज चढायला दोन रात्री पुरतात. म्हणून काम झालं की हाताचा घाम पुसायचा, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं, कोरड्या कापडात गुंडाळायचं. कुलपात मात्र तेल घालत नाही, त्यात धूळ चिकटते; तिथे पेन्सिलच्या शिशाची भुकटी.

लंडनला १८५१ साली आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा कंपनीचं कुलूप उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. बक्षीस होतं २०० गिनींचं. सगळे त्याच्या हुशारीबद्दल बोलतात. मला वाटतं, तेवढे तास खरं सांगत राहिली त्याची हत्यारं!

असो. मध्यंतरी ओळखीचे एक गृहस्थ आले. वडिलांच्या माघारी घरातल्या एका खोलीला कुलूप, किल्ली भावाकडे, दोघांचं बोलणं बंद. "दोन मिनिटांचं काम आहे तुझ्यासाठी," म्हणाले. कदाचित असेलही. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही दोघं मिळून या, मी हत्यारं घेऊन तयार आहे. ते रागावून गेले. अजून रस्त्यात भेटले की मान वळवतात. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू! पण त्या दिवशी 'हो' म्हटलं असतं, तर काकूंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर उरलं नसतं.

तेव्हापासून हत्यारांचं कापड कपाटात ठेवत नाही. ओसरीवरच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं असतं. पोरं येतात, विचारतात. मी त्यांच्या हातात आधी कुलूप देत नाही, ८००चा पेपर देतो. निम्मी पोरं तिथूनच पळतात. उरलेली चांगली निघतात, असा आपला अनुभव.