शहापुरातला सिरीज बोर्ड

बेळगावला आषाढ लागला की माळ्यावरच्या चादरींपासून भिंतीवरच्या बटणांपर्यंत सगळ्याला ओल धरते. शहापूरच्या जुन्या कौलारू घरांत तर जास्तच. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरची आमची ही हवा पाहुण्यांना गोड वाटते, विजेच्या वस्तूंना ती मुळीच मानवत नाही.

माझ्या भाच्याचा बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र ओलीनं नव्हे, हौसेनं जळाला. खानापूरकडच्या एका कार्यक्रमात आवाज पुरेना म्हणून कुणीतरी चार ओहमच्या स्पीकरपेटीला तशीच दुसरी पेटी समांतर जोडली. झाले दोन ओहम, म्हणजे करंट जवळपास दुप्पट! फ्यूज उडाला, तर त्यावर तार गुंडाळली. त्यात बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला 41 वेळा थरथरते. तो खोल, लांबलेला सूर पेलायला मुळातच ताकद जास्त लागते.

दुकानदार म्हणाला, नवा घ्या. सांगायला काय जातं? दोन लग्नसराईंची कमाई त्या पेटीत होती आणि पुढच्या रविवारचा विसार घेऊन झाला होता.

आमच्या गल्लीत अण्णा आहेत. पूर्वी त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. हत्यारांची पिशवी घेऊन ते आमच्या सोप्यात बसले, झाकण उघडून आधी वास घेतला आणि म्हणाले, "औटपुट सुट्ट होगेती, सर."

चारपैकी दोन ट्रान्झिस्टर शॉर्ट होते. टू एन 3055, चपट्या टोपीसारखा धातूचा. 1960च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं आणलेला हा गडी आजही मिळतो. अण्णांनी चारही बदलले, सोबतचे काळे पडलेले रेझिस्टरही. प्रत्येकाखाली अभ्रकाची चकती, दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट. मग ट्रान्झिस्टरची टोपी हीटसिंकला कुठं टेकत तर नाही ना, ते मीटरनं पाहिलं. भाचा घाई करू लागला की, "सावकाश माड्री!" हा शब्द दोन्ही भाषांचा, त्यामुळे त्याला मराठीत वेगळं सांगावं लागलं नाही.

घरी कुणी असं काम काढणार असेल तर एक गोष्ट सांगून ठेवतो. प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. अण्णांनी ती जाड रेझिस्टरमधून उतरवली आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घातला नाही. हे ज्याला जमत नाही त्यानं झाकण उघडूच नये.

मग निघाला सिरीज बोर्ड. लाकडी फळी, होल्डर, त्यात 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब. अ‍ॅम्प्लिफायरला वीज द्यायची ती या बल्बातून. आत अजून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो आणि नवे ट्रान्झिस्टर वाचतात. आमचा बल्ब क्षणभर लखलखला आणि मंदावला. कपॅसिटर भरले, एवढंच. स्पीकरच्या टोकांवर डीसी 20 मिलिव्होल्ट भरला. तेव्हा कुठं अण्णांनी एक, एकच पेटी जोडली.

भाच्यानं खालची तार छेडली. दाराची कडी खुळखुळली. शेजारच्या अज्जींनी पडवीतून विचारलं, "गुडुग येन री?"

"अल्ल री अज्जी, गिटार," अण्णा म्हणाले आणि पिशवी आवरू लागले.