कारखाना बंद पडला, गाडी चालूच राहिली!

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावात पन्नास वर्षं ‘एमजी’ स्पोर्ट्स गाड्या तयार होत होत्या. १९८० मध्ये कारखान्याला टाळं लागलं. तरीही त्या गाड्या आज रस्त्यावर दिसतात. त्या टिकल्या कुठल्या कंपनीच्या कृपेने नव्हे, तर घरच्या गॅरेजमध्ये हात काळे करून घेणाऱ्या माणसांमुळे. अशाच एका गॅरेजमध्ये घालवलेला हा शनिवार...

ऑक्सफर्डला जाणारा पर्यटक कॉलेजांच्या इमारती पाहतो, पुस्तकांच्या दुकानात डोकावतो आणि संध्याकाळच्या गाडीने लंडनला परततो. तिथून दक्षिणेला जेमतेम दहा किलोमीटरवर थेम्स नदीकाठी ॲबिंग्डन नावाचं टुमदार गाव आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. मीही फिरकले नसते. पण माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त तिथे राहतो आणि “आलीच आहेस तर चार दिवस राहूनच जा,” असा वहिनीचा आग्रह मोडवेना.

शनिवारी सकाळी चहा घेत होतो, तर शेजारच्या घरातून घरघर ऐकू आली. इंजिन सुरू व्हायचं, खोकायचं आणि बंद पडायचं. पुन्हा तेच. मला एकदम मिरजेच्या मामांची अँबॅसॅडर आठवली. हिवाळ्यात सकाळी तीही अशीच रुसायची आणि मग आम्हा भाचरांना धक्का मारायला बोलावलं जायचं!

“आजोबांची एमजी,” भाऊ हसत म्हणाला. “चल, ओळख करून देतो. पण तासाभराच्या आत सुटका नाही, सांगून ठेवतो.”

तासाभराने कसली, माझी सुटका संध्याकाळी झाली!

सायकल दुरुस्तीपासून सुरुवात

आजोबांकडे जाण्यापूर्वी या गाडीची थोडी कुळकथा सांगायला हवी. विल्यम मॉरिस नावाचा ऑक्सफर्डचा एक मुलगा विशीच्या आतच आई-वडिलांच्या घरी सायकली दुरुस्त करू लागला. पुढे तो मोटारी बनवू लागला आणि इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या उद्योगपतींपैकी एक झाला. त्याच्या ऑक्सफर्डमधल्या विक्री आणि दुरुस्तीच्या दुकानाचं नाव होतं ‘मॉरिस गॅरेजेस’. त्याची आद्याक्षरं म्हणजेच एमजी! १९२२ मध्ये या दुकानाचा व्यवस्थापक झालेल्या सेसिल किंबरने साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, चपळ बॉड्या चढवायला सुरुवात केली. गाड्या खपू लागल्या, जागा अपुरी पडू लागली आणि १९२९ मध्ये एमजीचा संसार ॲबिंग्डनला हलला.

इथे आपलाही एक धागा जुळतो. आपली अँबॅसॅडर म्हणजे मूळची ‘मॉरिस ऑक्सफर्ड’. तिच्यात वर्षानुवर्षं जे १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, त्याच घराण्यातलं, तेवढ्याच क्षमतेचं इंजिन १९५५ च्या ‘एमजीए’ या स्पोर्ट्स गाडीत होतं. १९६२ मध्ये आलेल्या ‘एमजीबी’त तेच घराणं वाढून १,७९८ सीसीचं झालं. म्हणजे मामांची अँबॅसॅडर आणि शेजारच्या आजोबांची दोन दारांची, उघड्या टपाची गाडी या नात्याने चुलत बहिणी! हे मी आजोबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला आत बोलावून चहाचा दुसरा कप दिला.

हाताने ढकलायची लाइन

आजोबा सोळाव्या वर्षी कारखान्यात लागले. गाड्यांमध्ये वायरिंग बसवणं हे त्यांचं काम. “मोठ्या कारखान्यांसारखा सरकता पट्टा आमच्याकडे नव्हता. एक काम झालं की गाडी हाताने पुढच्या माणसाकडे ढकलायची,” ते सांगत होते. गावात कुणाचा बाप, कुणाचा भाऊ, कुणाची मावशी तिथे कामाला होतीच.

सप्टेंबर १९७९ मध्ये कारखान्याला पन्नास वर्षं झाल्याचा सोहळा गावाने थाटात साजरा केला. मिरवणुकीचा उत्साह ओसरतो न ओसरतो, तोच सोमवारी घोषणा झाली की कारखाना बंद होणार! ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. तोवर पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या होत्या.

आजोबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यांनी पुढे दुसरीकडे नोकरी केली, संसार केला. पण नव्वदच्या दशकात १९७२ सालची एक गंजलेली एमजीबी स्वस्तात मिळतेय म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. “कदाचित हिच्याही वायरी मीच...” असं मी म्हणताच ते हसले. “नाही हो! मी लागलो १९७५ ला. हिच्या वायरी दुसऱ्या कुणी तरी बसवल्यात. आणि चांगल्या बसवल्यात!”

खरा शत्रू गंज

गॅरेज म्हणजे घराला चिकटलेली एका गाडीपुरती खोली. भिंतीवर पाने आकारानुसार टांगलेले, फडताळात नटबोल्टच्या बरण्या आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. आपल्या स्वयंपाकघरात डाळी-कडधान्यांचे डबे असतात ना, अगदी तसंच!

अशा गाडीत सगळ्यांत जास्त बिघडतं काय, असं मी विचारलं. मला वाटलं, इंजिन म्हणतील. पण आजोबांनी मला खाली वाकायला लावलं आणि दाराखालच्या लांब पट्टीवर टकटक केलं. हिला ‘सिल’ म्हणतात. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. त्यातही टप उघडा, म्हणजे वरून आधार नाही. त्यामुळे गाडीची सारी ताकद या दोन पट्ट्यांत. आणि इंग्लंडचा पाऊस, शिवाय हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, नेमकं याच पट्ट्यांना आतून खातं!

“काही लोक गंजावरच नवा पत्रा वेल्ड करून रंग मारतात. दिसायला झकास! पण आत सगळं पोकळ,” आजोबा म्हणाले. त्यांनी ते काम दोन हिवाळे घेऊन केलं. जुनी पट्टी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे दांडे घट्ट बसवावे लागतात. तसं केलं नाही तर गाडी मधोमध किंचित वाकते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. नवीन पट्ट्या मात्र सहज मिळतात. पट्ट्याच कशाला, जुने साचे वापरून एमजीबीची अख्खी नवी बॉडीसुद्धा १९८८ पासून पुन्हा बनू लागली. कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाली होती, पण दुरुस्त करणारे इतके होते की बनवणं परवडलं!

बाकीची कामं मात्र कुणालाही जमतील अशी. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस गनने ग्रीस भरायचं. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट फिलर गेजने मोजायची. या वर्षीच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्याही सीटच्या मागे, झाकणाखाली. त्यांत पाणी भरायचं म्हणजे कंबरेची परीक्षाच! “वयाच्या चाळिशीत हे सोपं वाटायचं,” म्हणून आजोबांनी कंबर चोळली.

फडताळावर तेलकट बोटांच्या ठशांनी भरलेलं ‘हेन्स’ कंपनीचं मॅन्युअल होतं. ही मंडळी एक गाडी पूर्ण खोलतात, पुन्हा जोडतात आणि टप्प्याटप्प्याचे फोटो छापतात. त्यांचं पहिलं वर्कशॉप मॅन्युअल १९६६ मध्ये निघालं, ते ‘ऑस्टिन-हीली स्प्राइट’ या छोट्या स्पोर्ट्स गाडीचं. आणि ती गाडीही ॲबिंग्डनच्याच कारखान्यात तयार व्हायची!

नवी डोकेदुखी पेट्रोलची. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात, चिरतात. आजोबांनी सगळे पाइप बदललेत. इथेनॉलच्या पेट्रोलवर आपल्याकडेही जुन्या गाड्यांचे मालक हेच बोलताना ऐकले आहेत. पेट्रोलचा वास आला की गाडी सुरू न करता आधी पाइप तपासायचा, हा आजोबांचा पहिला नियम. तो तिकडे जितका खरा, तितकाच इकडेही. आणि दुसरा नियम असा की नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, खाली भक्कम स्टँड हवेच.

कान देणारी नात

तर मग सकाळची ती खोकणारी घरघर कसली होती?

या गाडीला दोन कार्बोरेटर असतात. एक पुढच्या दोन सिलिंडरना पुरवतो, दुसरा मागच्या दोन. दोघांनी सारखीच हवा ओढली तर इंजिन सुरात चालतं, नाही तर खोकतं. ते जुळवायची जुनी युक्ती म्हणजे हातभर रबरी नळी. एअर फिल्टर काढायचा, नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं आपल्या कानाशी धरायचं. आत हवेचा ‘हिस्स’ असा आवाज येतो. एकाचा ऐकायचा, दुसऱ्याचा ऐकायचा, स्क्रू किंचित फिरवायचा आणि दोन्ही आवाज एक होईपर्यंत हे करत राहायचं. तबला लावण्यासारखंच की!

आजोबा नळी घेऊन वाकले. ऐकलं, स्क्रू फिरवला, पुन्हा ऐकलं. मग नळी खाली ठेवून काही वेळ नुसते उभे राहिले.

“गेली दोन वर्षं मला हा आवाज येतच नाही,” ते म्हणाले. “बोललेलं ऐकू येतं. हा बारीक आवाज तेवढा गेला.”

त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात फ्लॅटमध्ये राहतो. तिथे गॅरेज नाही. “बाबा, आता विकून टाका,” असं तो गेल्या ख्रिसमसपासून म्हणतोय. त्याचंही चूक नाही. चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला तिकडे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे ब्रेक ठीक आहेत की नाही, याची सगळी जबाबदारी मालकाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि हातांवर. त्यांतलं एकेक कमी होऊ लागलं तर?

एवढ्यात त्यांची चौदा वर्षांची नात आली. शनिवार-रविवार ती आजोबांकडे असते. तिने काही न विचारता ॲप्रन चढवला, नळी उचलली आणि कानाला लावली.

“मागचा जास्त ओढतोय, आजोबा.”

“किती?”

“थोडासा. थांबा... आता पुढचा. हं, आता सारखे.”

आजोबांनी खणातून हवा मोजायचं एक छोटं यंत्र काढलं. पुढच्या कार्बोरेटरवर लावलं, मागच्यावर लावलं. काटा दोन्हीकडे एकाच रेघेवर!

“यंत्र आहेच की तुमच्याकडे! मग नळी कशाला?” मी न राहवून विचारलं.

“यंत्र मला सांगतं,” आजोबा म्हणाले. “नळीमुळे तिला कळतं.”

मुलीने आता एकेका कार्बोरेटरची खालची पिन बोटाने हलकेच उचलली. इंजिनाचा वेग क्षणभर वाढला आणि पूर्ववत झाला. म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बरोबर. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागलं तर कमी. हे मला आजोबांनी नव्हे, तिने समजावलं.

संध्याकाळी आजोबांनी मला शेजारी बसवून नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत फेरी मारली. वारा केसांत, बूड रस्त्यापासून वीतभर उंचीवर. साठच्या वेगातही शंभरचा थरार! परत आलो तेव्हा नात गॅरेजच्या दारात उभी होती. गाडी बंद करायच्या आत तिने हात वर करून थांबवलं आणि मान तिरकी करून इंजिन ऐकलं. मग ‘ठीक आहे’ अशी मान हलवली.

एमजी हे नाव आता चिनी कंपनीकडे आहे. २०१९ पासून त्या नावाच्या गाड्या आपल्याही रस्त्यांवर धावतात. त्यांचं बॉनेट उघडून घरी फार काही करता येत नाही आणि तशी गरजही पडत नाही. पण मिरजेच्या मामांचे मिस्त्री बॉनेटवर नुसता हात ठेवून “टॅपेट वाजतंय” म्हणायचे, ते मला त्या दारात आठवलं. त्यांच्या हाताखाली कुणी शिकलं का, हे मी मामांना कधी विचारलंच नव्हतं. रात्री फोन करून विचारलं.

“शिकला की! त्यांचा पुतण्या,” मामा म्हणाले. “पण तुला आज हे कुठून आठवलं?”

जायचं असेल तर...

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून ऑक्सफर्डला रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येतं. ॲबिंग्डनला आता रेल्वे स्टेशन नाही, ऑक्सफर्डहून बस घ्यावी. बाजार चौकातल्या सतराव्या शतकातल्या काउंटी हॉलमध्ये गावाचं संग्रहालय आहे आणि तिथे एमजीबीही पाहायला मिळते. राजघराण्यातल्या आनंदाच्या प्रसंगी याच इमारतीच्या गच्चीवरून जमलेल्या लोकांवर गोड पाव फेकण्याची गंमतशीर प्रथा आहे! १९३० मध्ये स्थापन झालेल्या एमजी कार क्लबचं कार्यालयही गावातच, जुन्या कारखान्याच्या परिसरात आहे. मोटारींची जास्तच आवड असेल, तर वॉरिकशरमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमसाठी एक दिवस वेगळा ठेवा.