नावाचा सातबारा

ज्या प्रणालीवर एका कारखान्याचा गुदामातील नोंदींपासून पगारपत्रकापर्यंतचा सारा हिशेब अवलंबून होता, तिच्या सहस्रावधी फायलींतून केवळ एक शब्द बदलण्यात माझे तीन आठवडे गेले. 'जावाएक्स' पुसून तेथे 'जकार्ता' लिहायचे, एवढेच काम होते. त्याने प्रणालीच्या वर्तनात तिळमात्र सुधारणा व्हायची नव्हती.

१९९९ साली सन कंपनीने व्यावसायिक प्रणालींसाठी जावाचा जो संच प्रसिद्ध केला, त्याचे नियम अनेक कंपन्यांचे आणि स्वतंत्र जाणकार एकत्र बसून ठरवीत. म्हणून हे मानक सर्वांचे, अशा विश्वासाने माझ्या पिढीने त्यावर उमेदीची वर्षे खर्ची घातली. २०१०च्या आरंभी सनसह ही सारी मिळकत ओरॅकलकडे गेली आणि त्याच डिसेंबरात अपाची प्रतिष्ठान नियामक समितीतून बाहेर पडले. कारण त्यांनी स्वतंत्रपणे लिहिलेली जावा मानकाबरहुकूम आहे हे सिद्ध करणाऱ्या चाचणीचा परवाना त्यांना जाचक अटींवाचून मिळत नव्हता. नियम वाचण्याची मुभा सर्वांना होती, परंतु ते पाळल्याचा दाखला देणारी मोहोर एकाच्याच हाती होती. पुढे २०१७ साली ओरॅकलने हा व्यावसायिक संच एक्लिप्स प्रतिष्ठानच्या स्वाधीन करण्याचे जाहीर केले, हे मी मोठेपणाचेच मानतो. तथापि 'जावा' या व्यापारचिन्हाचा हक्क त्यांच्याकडेच राहिल्याने 'जावाएक्स' या नावाखाली पुढे फेरफार करता येईना, आणि डिसेंबर २०२०च्या आवृत्तीत नाव बदलावे लागले. वहिवाट साऱ्या गावाची असली तरी सातबाऱ्यावर नाव एकाचेच असले, तर ती वाट कधी वळवावी लागेल याचा भरवसा नसतो.

शब्द बदलणे सोपे वाटते, पण सरसकट बदलता येत नाही. 'जावाएक्स.सर्व्हलेट' बदलावे लागते, तर 'जावाएक्स.एसक्यूएल' मूळ जावाचा भाग असल्याने जसेच्या तसे ठेवावे लागते. शिवाय एक्सएमएलच्या फायलींत दडलेले जुने नाव कंपायलरच्या नजरेतून सुटते आणि प्रणाली चालू झाल्यावरच उघडे पडते. खरी अडचण आली ती एका खाजगी लायब्ररीपाशी. तिचा सोर्स कोड आमच्याजवळ नव्हता; तयार फाईलमधील नावे बदलून देणारे साधन उपलब्ध होते, पण तिच्यात कोणताही बदल करण्यास करारनाम्यातील एका कलमाने मनाई होती, आणि विक्रेत्याकडून आमच्या पत्रांना उत्तर आले नाही.

नवे मानक स्वीकारणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्याचा मसुदा किती जणांनी मिळून लिहिला हे पाहण्याआधी त्याचे नाव कोणाच्या मालकीचे आहे आणि चाचणीची मोहोर कोणाकडे आहे, याची चौकशी करावी. आमची ती एक फाईल आजही जुन्याच नावाने, केवळ तिच्यासाठी राखून ठेवलेल्या एका जुन्या सर्व्हरवर चालते.