आमच्या घरचे हस्की काय खातात?



बस्तीतून बाहेर पडताना चपला शोधता शोधता मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तुमची ती लांडग्यासारखी कुत्री खातात तरी काय हो?" विचारणारीच्या मनातला खरा प्रश्न वेगळा असतो. जैनाच्या घरात मांस शिजतं की काय, हा. नाही शिजत. पण उत्तर एवढ्यावर संपत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

भोला आणि बर्फी आमच्याकडे येऊन पाच वर्षं झाली. आम्ही ते विकत घेतलेले नाहीत. पुण्यातल्या एका जोडप्याने हौसेने पिल्लं आणली होती. दोघंही दिवसभर कामावर, फ्लॅट दोन खोल्यांचा. हस्की एकटा पडला की नुसता भुंकत नाही, मान वर करून गळा काढतो, आणि तो आवाज चार मजले ऐकतात. सोसायटीच्या तक्रारी सुरू झाल्या. माझ्या भाच्याचा फोन आला, "मावशी, तुमच्याकडे सांगलीला अंगण आहे, बघ ना." मी सासूबाईंना विचारलं. त्यांचं सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा बंद. वाटलं होतं सरळ नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "घरात मांस-अंडं येणार नाही. आणि मुक्या जिवाचं अन्न तोडायचं नाही. दोन्ही जमत असेल तर आण."

ऐकायला सोपं वाटतं. या दोन अटी एकत्र सांभाळणं हेच खरं आमचं गेल्या पाच वर्षांतलं काम.

आपल्या शेतावरचं कुत्रं ताक-भाकरीवर दहा-बारा वर्षं सुखाने काढतं, हे आपण लहानपणापासून पाहतो. त्याला कारणही आहे. माणसाच्या सोबतीने धान्य खात खात कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवणारी ताकद वाढत गेली. त्या कामाच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, बहुतेक कुत्र्यांत खूप जास्त. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी हे मांडलं. पण हस्की हा ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांचा कुत्रा. तिकडे शेतीच नाही. माणसं मासे आणि सील खाणार, कुत्रीही तेच खाणार. म्हणून हस्कीत त्या जनुकाच्या प्रती तपासल्या तेव्हा तीन-चारच निघाल्या, तर शेतीच्या मुलखातल्या सालुकी जातीच्या कुत्र्यात २९. म्हणजे शेजारचा मोती भाकरीवर गुटगुटीत राहतो म्हणून बर्फीही राहील, असं नाही.

बर्फी आली तीच आजारी. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला पांढरट खपल्या, नाकाला भेगा, तळपायाची कातडी जाड झालेली. आधीच्या घरी तिला बहुतेक पोळी-दूध मिळत असे. आमच्या डॉक्टरांनी आधी खरूज आणि बुरशी नाही ना ते पाहिलं, मग कातडीचा छोटा तुकडा तपासणीला पाठवला. निघालं ते झिंकचं, म्हणजे जस्ताचं. हस्की आणि मॅलाम्यूट या जातींतल्या काही कुत्र्यांच्या आतड्यांना अन्नातलं जस्त नीट शोषताच येत नाही. चांगलं खाणाऱ्यालाही हा त्रास होतो, कारण तो रक्तातून येतो. पण धान्य आणि डाळींतलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं, त्यामुळे निव्वळ पोळी-भात-वरणावर ठेवलेल्या हस्कीचे हाल जास्त. कॅल्शियम फार दिलं तरी तसंच.

मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, "मांसाशिवाय हिचं होईल का?" त्यांनी न रागावता, न हसता उत्तर दिलं. कुत्रा मांजरासारखा पूर्ण मांसावर अवलंबून नाही, त्यामुळे नीट तोलून दिलेल्या शाकाहारावर राहू शकतो. पण घरातलं उरलंसुरलं म्हणजे तोललेला आहार नव्हे, आणि वजन, कातडी, रक्त यांवर कायम लक्ष ठेवावं लागेल. (मांजर पाळणाऱ्या मैत्रिणींनी माझं हे उदाहरण अजिबात घेऊ नये. मांजराला मांसातूनच मिळणारे काही घटक लागतात. तिचं शरीरच तसं आहे.)

मग ठरलं ते असं. मुख्य खाणं म्हणजे कुत्र्यांसाठीचं तयार शाकाहारी खाद्य, ज्यात ब-१२, ड जीवनसत्त्व वगैरे सगळं घातलेलं असतं. वर घरचं पनीर, थोडं दही, मऊ शिजवलेली मूगडाळ. डॉक्टरांनी गाजर आणि रताळं सुचवलं होतं. आम्ही कंदमूळ आणत नाही म्हटल्यावर दुधी आणि लाल भोपळा लिहून दिला. बर्फीला झिंकची गोळी रोज, आणि ती जेवणासोबतच, कारण रिकाम्या पोटी दिली की उलटी होते. गोळीचं माप डॉक्टरांचंच. जस्त जास्त झालं तर रक्तातल्या पेशी फुटतात. दीड महिन्यात नाकाच्या भेगा मिटल्या. गोळी मात्र जन्मभराची.

आणि तेवढ्याने भागलं नसतं तर? सासूबाईंनी हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. बर्फीला जे लागतं ते मिळेल असं दुसरं घर शोधायचं, पण आपला नियम पाळण्यासाठी तिला खंगू द्यायचं नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यात प्राण्याला बांधणं आणि मारणं आहे, तसं त्याचं अन्नपाणी रोखणंही आहे. दशलक्षणात दरवर्षी ऐकतो आपण. त्यांनी ते ऐकून सोडलं नाही, एवढंच.

स्वयंपाकघराची एक गंमत सांगते. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतात, त्यामुळे आमच्याकडच्या भाजीत ती भीती नाही. पण सांगलीकराच्या घरात बेदाणा किलोने असतो, खिरीत, शिऱ्यात, नैवेद्यात, आणि बेदाणा किंवा द्राक्षं खाऊन कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. बेदाण्याचा डबा आमच्याकडे सगळ्यांत वरच्या फळीवर असतो. पाहुण्यांच्या मुलांना मी आधी तेवढंच बजावते.

खाण्यानंतरची दुसरी काळजी उन्हाची. हिच्यापुढे खाणं सोपं म्हणायचं. एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो आणि या जिवाच्या अंगावर दुहेरी लोकर. "केस कापून का टाकत नाही?" असं सगळे म्हणतात. कापायचे नाहीत. वरचे लांब केस उन्हापासून कातडी वाचवतात, आणि एकदा भादरले की पूर्वीसारखे येतीलच असं नाही. आतली लोकर मात्र विंचरून काढावी लागते. लोकर सोडण्याच्या दिवसांत रोज एक पिशवी निघते. सोवळ्याच्या कपड्यांवर एक केस आला तरी पुन्हा धुणं. पहाटे पाचला फिरणं, मग दिवसभर मागच्या फरशीच्या खोलीत, एसी आणि इन्व्हर्टर. संध्याकाळचं खाणं आम्ही आमच्याबरोबर सूर्यास्ताच्या आत देतो, फिरणं मात्र रस्ता हाताला गार लागल्यावर. कुत्र्याचं अंग नेहमी ३८ ते ३९ अंश असतं; ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात. फार धाप लागली, लाळ घट्ट झाली, चालताना झोक गेला, तर बर्फ न शोधता नळाचं पाणी अंगभर ओतायचं, पंखा लावायचा आणि त्याच ओल्या अंगाने दवाखाना गाठायचा.

आमच्या नणंदबाईंचा या सगळ्यालाच विरोध आहे. त्या म्हणतात, हिंसक प्राणी पाळणं हे अनर्थदंडात मोडतं, तुम्ही कितीही पनीर घाला. त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं पहिल्या दिवसापासून गच्चीवर नेलं होतं, तरी दुसऱ्या वर्षी पेरूच्या झाडावरून उतरलेली एक खार भोलाने पकडली. सोडवेपर्यंत संपलं होतं. सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या आणि खारीपाशी णमोकार म्हणत राहिल्या. भोलावर मुलं ओरडत होती, त्यांनी हातानेच थांबवलं. "तो तिर्यंच आहे. त्याला काय कळतं," एवढंच बोलल्या. जीवंधरकुमाराने मरत्या कुत्र्याला णमोकार ऐकवला ती कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या अंगणात तो खारीला ऐकवावा लागला. त्यानंतर झाडाच्या बुंध्याभोवती जाळी लावली. कुंपणाची जाळी तर एक फूट जमिनीखालून नेली आहे, कारण हस्की उकरून पळतो आणि हाक मारली तरी परत वळत नाही. बाहेर पट्ट्याशिवाय कधीच नाही. बांधलेलं मला आवडत नाही, पण रस्त्यावर ट्रकखाली जाण्यापेक्षा पट्टा बरा.

म्हणून कुणाच्या मुलाने मोबाइलवर निळ्या डोळ्यांचं पिल्लू पाहून हट्ट धरला की मी स्पष्टच नको म्हणते. 'गेम ऑफ थ्रोन्स' नावाच्या मालिकेतले लांडगे पाहून जगभर लोकांनी हस्की घेतले आणि मग सोडून दिले; शेवटी २०१७ साली त्यातल्याच पीटर डिंकलेज या नटाला विनंती करावी लागली की विकत घेऊ नका. मागणी आहे म्हणून पैदास होते, आणि ती गर्मीत, पिंजऱ्यात होते. कुणी सोडून दिलेला असेल, अंगण असेल, दिवसभर घरात माणूस असेल, तर वेगळा विचार. नणंदबाईंचं आणि माझं एवढ्यावर एकमत आहे.

सध्या आमची काळजी वेगळीच आहे. बर्फी सात वर्षांची झाली आणि तिच्या डाव्या डोळ्यात कडेला किंचित ढग दिसतोय. या जातीत मोतीबिंदू वंशाने येतो, अगदी तरुण वयातही. "खाण्यामुळे नाही ना?" हे सासूबाईंनी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. पुढच्या मंगळवारी डोळ्यांच्या तपासणीला कोल्हापूरला न्यायचंय. सासूबाईंचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालं, त्यामुळे त्या म्हणतात गाडीत मी तिच्याजवळ बसते. ऊन चढायच्या आत, सहालाच निघणार आहोत.