सही धाकट्याची

आम्ही दोघे भाऊ. थोरल्याचा हात चालतो, धाकट्याला कागद वाचता येतो. बर्मिंगहॅममध्ये आमची एक व्हॅन आहे. हा लेख कोणाच्या नावानं लिहायचा यावरही वाद झाला, म्हणून 'आम्ही' असंच लिहीत आहोत.

आमचं गाव दापोली तालुक्यातलं. थोरल्यानं रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये दोन वर्षांचा वायरमनचा कोर्स केला, मग भिवंडीत यंत्रमागांच्या मोटारी जोडल्या, मग कुवेत गाठलं. २००९ साली आम्ही इंग्लंडला आलो. इथल्या जुन्या घरांत भिंत फोडली की आतून लाल आणि काळी तार निघायची. थोरला खूश व्हायचा, म्हणायचा, "अरे, ही तर आपलीच!" पण २००६ पासून इथं नव्या कामात तपकिरी आणि निळी तार सक्तीची झाली होती. तीन फेजच्या कामात तर आणखी गंमत. आपल्याकडे निळी म्हणजे तिसरा फेज, इथं ती न्यूट्रल. आपल्याकडे काळी न्यूट्रल, इथं ती फेज. भिवंडीचा हात इथं डोळे मिटून चालवला असता तर जनाजाच निघाला असता.

कामं मिळाली ती ओळखीतूनच. कुणाचा सॉकेट, कुणाचा पंखा, रमजानच्या आधी कुणाच्या किचनचे दिवे. कागद कुणी मागत नसे, आम्ही देत नसू.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २००५ पासून इमारत नियमांत 'पार्ट पी' आला आहे. घरातलं विजेचं काही काम करण्याआधी कौन्सिलला कळवून फी भरायची, नाहीतर ते अशा माणसाकडून करून घ्यायचं, जो एखाद्या सक्षम व्यक्ती योजनेत नोंदलेला आहे आणि स्वतःच्या कामाचा दाखला स्वतः देऊ शकतो. २०१३ साली इंग्लंडमध्ये ही यादी बरीच आखूड झाली. पण नवीन सर्किट ओढणं, मेन फ्यूजबोर्ड बदलणं आणि बाथरूममधलं नळाजवळचं काम त्यात राहिलंच. आम्हाला हे ऐकून माहीत होतं. ऐकून माहीत असणं किती सोयीचं असतं!

गल्लीतल्या एका खालांचा बोर्ड आम्ही २०१४ साली बदलला, वर शॉवरचं नवं सर्किटही ओढलं. दोन वर्षांनी त्यांनी घर विकायला काढलं. घेणाऱ्याच्या वकिलानं दाखला मागितला. खालांचा फोन आला. "बेटा, तो कागद कुठे ठेवलात?" कागद नव्हताच. त्यांना दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला पैसे देऊन तपासणी करून घ्यावी लागली, सौदा लांबला. इथवर आम्ही 'नुसता कागदच ना' असं म्हणत राहिलो. मग अहवाल आला. गॅसच्या पाइपला बाँडिंगची तार जोडलेलीच नव्हती. घरात कुठे बिघाड झाला तर पाइप आणि शेजारचं लोखंड यांच्यात दाब उभा राहू नये म्हणून ती जाड हिरवी-पिवळी तार असते. बोर्ड बदलताना ती आहे की नाही हे पाहणं आमचं काम होतं. दोन वर्षं खाला त्याच किचनमध्ये रोट्या भाजत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आम्ही दोघांनी संध्याकाळचे वर्ग धरले. वायरिंगच्या नियमांची अठरावी आवृत्ती २०१८ साली निघाली, तिची परीक्षा दिली. साठ प्रश्न, दोन तास आणि पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. थोरला हसला, "ही काय परीक्षा?" पण पुस्तकात कुठं पाहायचं हे ठाऊक नसेल तर दोन तास पानं उलटण्यातच जातात. धाकटा पास झाला. थोरला नाही झाला, आणि पुन्हा बसायला तयारही नव्हता.

२०१९ साली आम्ही एका योजनेत अर्ज केला. विमा, मीटरांचे कॅलिब्रेशनचे दाखले, नियमांचं पुस्तक, केलेल्या कामांचे कागद, सगळं जमवलं. पण कामाची जबाबदारी घेणारा सुपरवायझर म्हणून नाव एकाचंच लागत होतं. ते धाकट्याचं गेलं. ज्याचं बोट धरून धंदा शिकलो त्याच्या कामावर धाकट्यानं सही करायची! घरी भाभींना हे सांगताना थोरल्यानं 'सुपरवायझर' हा शब्द असा उच्चारला की भाभी चहा ओतता ओतता थांबल्या.

तपासनीस आला त्या दिवशी थोरल्याच्या खिशातून निऑन टेस्टर डोकावत होता. तपासनिसानं तो बघितला आणि वीज बंद आहे हे कसं ठरवता ते करून दाखवायला सांगितलं. धाकट्यानं दाखवलं. मेन बंद, त्याला कुलूप, चावी खिशात, दोन टोकांचा टेस्टर आधी चालू आहे का ते पाहणं, मग तारा तपासणं, मग पुन्हा टेस्टरच तपासणं. थोरला बाजूला उभा होता. टेस्टर त्यानं खिशात आणखी खाली ढकलला.

खरा प्रसंग मात्र पुढं आला. एका घरात थोरल्यानं सॉकेटचं रिंग सर्किट ओढलं होतं. सगळे सॉकेट चालू. धाकट्यानं मोजलं तर रिंग कुठंतरी तुटलेली.

"भाई, सही करता येणार नाही."

"किटली तापते ना?"

"तापते. पण एकाच बाजूनं सगळा भार जातो. बत्तीसचा एमसीबी, अडीचची तार. तार तापेल, एमसीबी पडणार नाही."

थोरल्यानं हत्यारं व्हॅनमध्ये टाकली. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं, व्हॅनमध्ये फक्त रेडिओ चालू होता. तिसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. सोफ्यामागच्या सॉकेटमध्ये एक तार स्क्रूखाली नीट धरली गेली नव्हती. त्यानं ती बसवली, स्वतः मोजलं, आकडे पाकिटावर लिहून आणले आणि धाकट्यासमोर ठेवले. "बघ. आणि कर सही."

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. पावसात व्हरांड्याचा दिवा गेला. थोरल्यानं मेन पाडला आणि अम्माकडे कुलूप मागितलं.

"दिवा लावायला कुलूप कशाला रे? चोर येणार आहे का?"

"अम्मा, दे ना."

अम्मानं तांदळाच्या पिपाचं कुलूप काढून दिलं.