स्टोक मँडव्हिलची हिरवळ

लंडनच्या मॅरिलबोन स्थानकावरून एल्सबरीकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले, की शहराची दाटी हळूहळू मागे पडते आणि चिल्टर्न टेकड्यांचे हिरवे उतार दिसू लागतात. एल्सबरीच्या अलीकडचे स्थानक स्टोक मँडव्हिल. येथे राजवाडा नाही, किल्ला नाही. प्रवाशाने मुद्दाम उतरावे असे वरकरणी काहीच नाही. तरीही अपंगांच्या क्रीडाजगतात या लहानशा गावाला तीर्थक्षेत्राचा मान आहे.

गाव आणि एल्सबरी यांच्या दरम्यान एक रुग्णालय आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी १९४४ च्या फेब्रुवारीत तेथे एक विभाग उघडण्यात आला. त्याची सूत्रे डॉ. लुडविग गुटमान यांच्या हाती होती. नाझींच्या छळामुळे १९३९ साली जर्मनी सोडून आलेले हे ज्यू डॉक्टर. अशा रुग्णांची आशा सोडून देण्याचीच तेव्हा रीत होती. एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचे विकार यांनी बहुतेकांचा अंत होई. गुटमान यांनी दर दोन तासांनी, अगदी रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. प्राण वाचले, पण वाचलेल्या आयुष्याचे करावयाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी खेळांत शोधले. त्यांच्या लेखी खेळ हा विरंगुळा नव्हता, तो उपचार होता. धनुष्य ओढताना दंड, खांदे व पाठ बळकट होतात आणि बसल्या जागी तोल सावरण्याची सवय लागते. शिवाय खुर्चीत बसलेला तिरंदाज उभ्या तिरंदाजाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन होत असताना, इकडे रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेले सोळा स्त्रीपुरुष तिरंदाजीला सज्ज झाले. १९५२ साली हॉलंडचे खेळाडू आले आणि सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० साली ते रोमला पोहोचले. पॅरालिंपिकचा उगम तो हाच. येथे आज गुटमान यांचा पुतळा उभा आहे, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकची ज्योतही याच ठिकाणी प्रज्वलित झाली.

या प्रवाहाशी आपलेही नाते आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले. पोहणे त्यांनी उपचार म्हणून पत्करले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पॅरिसला हरविंदर सिंग यांनी तर तिरंदाजीतच सुवर्णपदक जिंकले.

परतीच्या गाडीत मात्र पदकांपेक्षा आपली घरेच डोळ्यांसमोर येतात. “तू बस बाळ, आम्ही आणून देतो,” असे आपण अपंग मुलाला मायेने म्हणतो, आणि नकळत त्याचे उरलेले बळही निजवून ठेवतो. वैद्यांचा सल्ला घेऊन त्याच्या हाती एखादा चेंडू द्यावा, अंगण मोकळे करून द्यावे. तेथून कोणी पॅरिसला जाईल, कोणी जाणार नाही. पण पाण्याचा तांब्या त्याने स्वतःच्या हाताने उचलला, तरी स्टोक मँडव्हिलची हिरवळ आपल्या दारी आली असे समजावे.