‘नाना’चा शिक्का

चि. बाळू यास,


काल आक्काचा फोन आला. अपंगत्व पेन्शन नाकारल्याचा कागद तू देवघरामागे खुपसून ठेवलास आणि इतकी वर्षं कुणाला दाखवला नाहीस म्हणे. शेवटी तिनेच तो मला वाचून दाखवला. रक्तदाब, अपंगत्व ३० टक्के, सेवेमुळे जडलेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. या शेवटच्या शेऱ्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘नाना’ होतं. आमच्या ऑफिसात अशा फायलींना ‘नाना केस’च म्हणत, गावोगावचे नाना उगीच बदनाम. मी कारकून. आत काय लिहिलंय ते न वाचता कित्येक फायलींवर नुसते नंबर टाकले. ते अजून डाचतं.

तू आक्काला म्हणालास, ‘फौजेमुळेच बीपी झालं हे मी कसं सिद्ध करू?’ अरे, ते तू सिद्ध करायचंच नाही!

धरमवीर सिंग नावाचा सिग्नल्सचा जवान १९८५ साली भरती झाला आणि १९९४ मध्ये फिट्स येतात म्हणून बोर्ड आउट झाला. अपंगत्व २० टक्के, म्हणजे अगदी किमान अटीपुरतं. आजार त्याच्या प्रकृतीतलाच, असं मेडिकल बोर्डाने लिहिलं. हायकोर्टात एका न्यायमूर्तींनी पेन्शन दिली, मोठ्या पीठाने काढून घेतली. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ती परत दिली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आला असंच धरायचं. पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे. बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर त्याने कारण लिहावं, आणि संशयाचा फायदा जवानाला.

आता तुझं बघ. कोल्हापूरच्या भरतीत छाती, डोळे, कान, रक्तदाब, सगळं तपासूनच तुला घेतलं ना? मग बोर्डाचं कारण काय, तर ‘पीस स्टेशनवर सुरू झाला’. जणू पीस स्टेशनवर रात्रीची गार्ड नसते, आणि बाप आजारी असताना रजा नामंजूर होत नाही! खोटे दावे करणारेही असतात, मी नाकारत नाही. पण त्यांच्यापायी तुझ्यासारख्याने गप्प का बसावं?

सप्टेंबर २०२३ मध्ये नियम बदलले, पण तू त्याआधीच बाहेर पडलास. उशीर झाला म्हणून पेन्शनचा हक्क बुडत नाही; थकबाकी मात्र साधारण तीनच वर्षांची मिळते, म्हणजे दर महिन्याला तुझा एक हप्ता मागे गळतोय. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही २०१४ च्या राम अवतार निकालाने अपंगत्वाच्या टक्क्यांचं राउंडिंग मिळतं. तुझ्या ३० चे ५० धरले तर शेवटच्या पगाराच्या १५ टक्के होतात. तेवढ्यात आक्काचं औषधपाणी निघेल.

मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. अर्ज तिथे करू. बोर्डाच्या अहवालाची पूर्ण प्रत तुझ्याकडे नसेल तर आधी माहितीच्या अधिकारात मागवू. मसुदा मी करून ठेवलाय.

रविवारी पहिल्या एसटीने ये. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि देवघरामागचा तो कागद आण. लॅमिनेशन करू नकोस, झेरॉक्स नीट येत नाही.

तुझा,
मामा